सुरुवातीच्या ओळी

ब्लायनाय फेस्टिनियॉगला डोंगर म्हणजे फुटक्या पाट्यांचा ढीग.
छपरं पाट्यांची, कुंपणं पाट्यांची,
थडग्यांवरची नावंसुद्धा पाटीवरच.
चॅपलच्या तळघरात एक जुना सर्व्हर,
त्यात खाणीच्या हजेरीवह्या, पान न् पान स्कॅन केलेल्या,
आणि लेस्टरहून तीन आठवड्यांसाठी आलेली मी.

वीज जाऊन आली की यंत्र उठायचं,
पण कुणाशी बोलायचं नाही.
आधीच्या माणसाची स्क्रिप्ट चारशे ओळींची:
जर, तर, नाहीतर, आणि त्याच्या पोटात आणखी एक जर,
वायफायसाठी एक फांदी, इथे वायफाय नाहीच,
मोडेमसाठी एक, आणि तो मोडेम
नेरिसबाईंनी केव्हाच दाराला टेकण म्हणून लावलेला.
मी सगळं पुसलं.

पहिली ओळ, स्वतःलाच हाक:
एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक.
तार तुटलेली असली तरी इथून उत्तर येतं.
यावर कुणी पोथी लिहील.
मी एक ओळ लिहिली आणि पुढे गेले.

मग कार्डाला, ऊठ.
मग त्याला पत्ता.
मग वेस: जे गावातलं नाही ते हिच्याकडे द्यायचं.
(वेस आधी सांगून पाहिली.
"तिथवर पोहोचता येत नाही," म्हणालं,
आणि बरोबरच होतं त्याचं.)
मग नावं ओळखणाऱ्याचं घर,
शेवटी बँगरच्या घड्याळाला एकदा विचारायचं, किती वाजले.
बंद करताना हेच उलटं,
दागिने उतरवतात तसं, शेवटी घातलेला आधी.
एकोणीस ओळी. कुणालाही वाचता याव्यात अशा.

दहा वेळा बंद करून चालू केलं, दहाही वेळा चाललं.
सोमवारी सकाळी येऊन बघते तर
हजेरीवह्यांवर ताजी तारीख,
१ जानेवारी १९७०.

एमरिस प्रिचर्ड, चॅपलच्या किल्ल्या सांभाळणारा,
चष्मा कपाळावर सारून वाकला.
"गुरुवार होता," म्हणाला.
"सतरा वर्षांचा होतो. सुट्टी नव्हती तेव्हा.
बोटांची सालं निघालेली, आणि वडील म्हणाले,
छिन्नी धर, रडू नकोस."
मी म्हटलं, यंत्राच्या घड्याळातली बॅटरी मेलीय,
बाहेरून वेळ मिळाली नाही की ते तिथूनच मोजायला लागतं.
"मग ठीकच आहे," म्हणाला, आणि किटली लावायला गेला.

खट्ट. अंधार.

हीटर एक किलोवॅट जास्तीचा,
त्यात किटली, की फ्यूज पडतोच.
रोज पडतो. रोज तो फ्यूज वर करतो.
मला कुणी सांगितलं नव्हतं,
आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.
माझ्या दहाही खेपांना स्विच जागाच होता,
मी फक्त सर्व्हर झोपवून उठवत होते.
आज दोघं एकदमच उठले.
स्विचचा दिवा नारिंगी. अजून नारिंगी.
एमरिस वेल्शमध्ये मोजत उभा,
आकडे मला कळत नव्हते, ताल कळत होता.
हिरवा झाला तेव्हा म्हणाला, "त्रेचाळीस."
माझी स्क्रिप्ट बाराव्या सेकंदालाच विचारून मोकळी झालेली,
उत्तर न ऐकताच.

नवी बॅटरी मागवली. ती येईल तेव्हा येईल.
तीन ओळी वाढवल्या:
विचार. नाही मिळालं तर दोन सेकंद थांब. पुन्हा विचार.
साठ वेळा.
त्यांच्यावर एक टीप, मराठीत,
कारण त्या घटकेला दुसरी कुठली भाषा सुचली नाही:
कुणीतरी चहा करतंय, धीर धर.

एमरिसने बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलंय?
मी सांगितलं.
तो बराच वेळ त्या अक्षरांच्या वरच्या रेघेकडे बघत राहिला,
तिच्यावरून नखाने चाचपत,
जणू दगड कुठून दुभंगेल ते शोधतोय.
मग दोन कप घेऊन आला.
हीटर त्याने बंद केला नाही.